दोन्ही हात कामात असताना

कुवेतमध्ये अबू हलीफातल्या आमच्या इमारतीच्या हारिसला, म्हणजे राखणदाराला, बरीच वर्षं वाटत होतं की दर शुक्रवारी आमच्या घरी भजन असतं. त्यात त्याचं काही चुकलं नाही. सकाळी नऊ वाजता सात-आठ बायका दाराबाहेर चपला काढून आत शिरायच्या आणि पाच मिनिटांत आतून आवाज सुरू व्हायचा. एक दणदणीत थाप, मग एक हलकी टिचकी, मग पुन्हा थाप. मध्येच सगळ्या मिळून काहीतरी म्हणायच्या. एकदा त्याने मला फार आदराने विचारलं, मॅडम, तुमचा देव कुठला? मी म्हटलं, देव नाही रे बाबा, नॉर्वेजियन भाषा. त्यानंतर तो माझ्याशी जरा जपूनच बोलायला लागला.

तर माझा धंदा हा. होता असं म्हणायला हवं, कारण यंदा आम्ही इथला गाशा गुंडाळून चिपळूणला परत चाललो आहोत. कुवेतच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या आपल्याकडच्या नर्सेसना मी नॉर्वेजियन शिकवायची. त्या इथे दहा-दहा वर्षं काढतात आणि मग काहींना नॉर्वेतल्या वृद्धाश्रमांत जायचं असतं. तिकडे म्हातारी माणसं भरपूर आणि त्यांना उठवायला-बसवायला हात कमी. हात आपल्या मुलींकडे आहेत. जीभ मात्र तयार करावी लागते, आणि ती मी करून देत असे.

मी स्वतः ही भाषा पुस्तकातून शिकलेले नाही. आमच्या ह्यांची नोकरी तेलाच्या धंद्यातली, त्यामुळे कुवेतच्या आधी नऊ वर्षं आम्ही नॉर्वेत स्टावांगरला होतो. घरात बसून डोकं फिरायची वेळ आली तेव्हा मी तिथल्या एका वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागले. पहिले सहा महिने मी बोलले की म्हातारी माणसं कान पुढे करायची. मला वाटायचं, बिचाऱ्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी आणखी मोठ्याने बोलायची. शेवटी एका नव्वदीच्या आजींनी मला हाताने जवळ बोलावलं आणि सांगितलं की बाई, आम्ही बहिरे नाही, तुझ्या शब्दाचं पुढचं-मागचं काही कळत नाही. तेव्हा मला फार राग आला होता. आज त्या आजींना मी गुरू मानते.

त्या काय म्हणाल्या ते बाहेरच्या माणसाला समजावून सांगते. नॉर्वेजियन माणसाला शब्दाला शब्द चिकटवायची भारी हौस. आपण चाकांची खुर्ची म्हणतो, तो दोन शब्द जोडून रुल्लेस्तूल म्हणतो. बिछान्याची कड म्हणजे सेंगेकांत. खुर्चीचा हात म्हणजे आर्मलेने. घरी जाऊन करायची शुश्रूषा म्हणजे येम्मेस्यूकेप्लेये, एका दमात, मध्ये थांबायचं नाही. असा शब्द बोलताना दोन गोष्टी सांभाळायच्या. एक, तो तोडायचा कुठे. रुल्ले आणि स्तूल हे दोन तुकडे. कुणी रुल्लेस आणि तूल असं तोडलं की ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. दुसरी गोष्ट, जोर. मोठा जोर पहिल्या तुकड्यावर, त्याहून कमी दुसऱ्यावर, आणि बाकीची अक्षरं चोरपावलांनी निघून जातात. त्यात सुराचीही एक भानगड आहे, पण ती मी इथे काढत नाही, दिवाळीचे दिवस आहेत.

आपली मराठी यात फार समंजस. पंगतीत वाढावं तसं ती सगळ्या अक्षरांना साधारण सारखंच वाढते. स्वयंपाकघर म्हणताना आपण कुठल्या एका अक्षरावर धावून जात नाही. आपल्या मुली नॉर्वेजियनही तशीच बोलायच्या, गोड आणि सपाट. व्याकरण चोख, शब्द पाठ, आणि समोरच्याला ढिम्म कळत नाही. तुम्ही म्हणाल, एवढं काय बिघडलं? बिघडतं. आजोबांना पलंगावरून उठवताना तुम्ही खुर्चीचा हात धरा म्हणालात आणि त्यांना ते कळलं नाही, तर ते हवेत हात मारतात आणि पडतात.

मग मी शोध लावला. हो, शोधच म्हणणार, मी काही फार विनयी बाई नाही. आमच्याकडे भजनाला बसलेल्या माणसाच्या हातात टाळ नसला तर तो मांडीवर ताल धरतो. माझे वडील धरायचे. तेच मी वर्गात आणलं. पहिल्या तुकड्यावर पंजाची थाप, दुसऱ्यावर एक बोट, बाकी हात वर. रुल्ले, थाप. स्तूल, बोट. येम्मेवर थाप, स्यूकेवर बोट आणि प्लेये नुसतं वाहून जाऊ द्यायचं. पुस्तकातले नियम घोकून जे सहा महिन्यांत येत नव्हतं ते तीन शुक्रवारांत यायला लागलं. केरळच्या मुली आल्या, फिलिपिनो आल्या, सगळ्यांना ते जमलं. नॉर्वेत हामारला, मोल्देला, बोडोला माझ्या वर्गातल्या मुली आहेत. तिथल्या वृद्धाश्रमांतून मला नाताळची कार्डं येतात आणि ती मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवते.

एक जोगळेकर नावाचे गृहस्थही आले होते, बँकेतले, पुण्याचे. त्यांची लेक बर्गनला दिली होती आणि जावयाच्या आईवडिलांशी त्यांना त्यांच्या भाषेत बोलायचं होतं. पहिल्याच दिवशी त्यांनी लॅपटॉप उघडून मला एक तक्ता दाखवला. चारशे शब्द, प्रत्येकाचे तुकडे वेगळ्या रकान्यात, जोराचा तुकडा पिवळा, कमी जोराचा हिरवा. मी थक्क झाले. म्हटलं, यातला एखादा म्हणून दाखवा. ते म्हणाले, म्हणायचं नंतर बघू, आधी तक्ता पुरा होऊ दे. पाच शुक्रवार त्यांनी तोंड उघडलं नाही. सहाव्याला बायकांच्या घोळक्यात मांडी घालून बसले आणि थापा मारायला लागले, आणि काय सांगू, सुरेख बोलले. नंतर त्यांच्या मिसेसचा फोन आला की जेवताना ताट वाजवतात, तेवढं बंद करायला सांगा. मी खूप हसले. त्या फोनवर मी जरा विचार करायला हवा होता, पण यशाने माणसाचे कान बंद होतात.

आता सुरेखाची गोष्ट सांगते.

सुरेखा लातूरकडची. अकरा वर्षं नर्स, त्यातली सात इथल्या एका मोठ्या दवाखान्यात. नवरा बालाजी अम्गऱ्याच्या भंगारबाजारात एका वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करतो. दोघं आमच्याच भागात एका खोलीत राहायची. त्यांची मुलगी श्रावणी लातूरला, सुरेखाच्या आईकडे. मुलीला इथे आणायची परवानगी त्यांच्या कागदांत काही केल्या बसत नव्हती. चार वेळा अर्ज केला, चार वेळा परत आला. श्रावणी दीड वर्षाची असताना हिने तिला सोडलं आणि आता ती तिसरीत होती. वर्षातून एक महिना रजा मिळायची. सुरेखाने मला एकदा सांगितलं होतं की पोर आजीला आई म्हणते आणि मला फोनवरची मम्मी म्हणते. हे सांगताना ती रडली नाही, वहीत मार्जिन आखत होती, ते आखत राहिली. नॉर्वेतल्या नोकरीत मुलीला पहिल्या दिवसापासून बरोबर नेता येणार होतं. तिला थंडी नको होती, बर्फ नको होता, तिला ते एक कलम हवं होतं.

वर्गात ती माझी पहिल्या नंबरची. तिची थाप इतकी पक्की की बाकीच्या तिच्याकडे बघून हात हलवायच्या. म्हणून नॉर्वेतल्या एका वृद्धाश्रमाची माणसं निवडीसाठी कुवेतला येणार असं कळलं तेव्हा मी तिला छातीठोकपणे सांगितलं, तू बॅग भरायला घे. दस्मानजवळ समुद्रावरच्या एका हॉटेलात मुलाखती होत्या, गुरुवारपासून शनिवार सकाळपर्यंत. सुरेखाची गुरुवारी दुपारी होती. मी बरोबर गेले आणि खाली लॉबीत बसले.

ती वीस मिनिटांत खाली आली. एवढ्या लवकर कुणी पास होऊन येत नाही. शेजारी बसली आणि ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. मग तिने सांगितलं. बोलण्याचा भाग छान झाला, हिल्डे नावाची मुख्य नर्स खूश होती. मग तिने प्रात्यक्षिक ठेवलं. त्यांच्यातलीच एक बाई पेशंट म्हणून पलंगावर झोपली आणि सुरेखाने तिला उठवून चाकांच्या खुर्चीत बसवायचं, करताना सगळं तोंडाने सांगत जायचं. सुरेखाने तिच्या पाठीमागे एक हात घातला, दुसरा गुडघ्यांखाली घातला, आणि शब्द आलेच नाहीत. आले ते सपाट आले. पेशंट झालेल्या बाईने दोनदा विचारलं, काय धरू? हिल्डेने वहीत काहीतरी लिहिलं आणि आभार मानले.

मी म्हटलं, मला करून दाखव. तिथेच सोफ्यावर तिने माझ्या दोन्ही खांद्यांना धरलं आणि बोलली. खरंच सपाट, पहिल्या दिवसासारखं. मग एक हात सोडून माझ्या खांद्यावर थाप मारली आणि तोच शब्द बोलली, अगदी स्टावांगरच्या माणसासारखा. पुन्हा दोन्ही हातांनी धरलं. पुन्हा सपाट.

"हात अडकला की तोंडबी अडकतंय बघा मॅडम," ती म्हणाली.

स्टावांगरला मी वर्षानुवर्षं माणसं उचलली होती. नर्सचे दोन्ही हात कामात असतात हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, आणि तरी मी या मुलींना बोलायला एक हात मोकळा ठेवायची सवय लावली होती. हामारची, बोडोची कार्डं मिरवत होते, पण तिथे गेल्यावर त्यांचे पहिले महिने कसे गेले असतील हे मी कधी विचारलंच नव्हतं. सुरेखाला वाटत होतं ती कमी पडली. तिला मी तसं वाटू देणं हे पाप झालं असतं.

मी लिफ्टने वर गेले आणि दार वाजवलं. हिल्डे उंच, साठीची, माझ्याच वयाची. मी तिला नॉर्वेजियनमध्ये सांगितलं की मघाशी आलेल्या मुलीला मी शिकवलं आहे आणि चूक माझ्या शिकवण्यात आहे. थापेचं सगळं सांगितलं, करूनही दाखवलं. आयुष्यात मला इतकी लाज वाटली नव्हती. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की तुम्ही स्वतः हे काम केलंय का. मी हो म्हटलं.

"मग नर्सला एका हाताने काम करायला का शिकवलंत?"

मी म्हटलं, तेच चुकलं माझं, पण त्याची शिक्षा त्या मुलीला नको. ती म्हणाली की म्हातारा माणूस पडला तर तो पुन्हा उठत नाही, म्हणून मी यात सूट देऊ शकत नाही. मग कागद चाळले आणि म्हणाली, शनिवारी सकाळी आठ वाजता या. दहाला आम्ही विमानतळावर निघतो.

मध्ये फक्त शुक्रवार होता. मी वर्ग रद्द केला. बालाजी सकाळीच अम्गऱ्याहून भंगारातली एक चाकांची खुर्ची घेऊन आला. एक चाक त्याने स्वतः जोडलं होतं आणि ब्रेकच्या जागी पट्टी वेल्ड केली होती. पेशंट म्हणून आमच्या ह्यांना दिवाणावर झोपवलं. हे चांगले ब्याऐंशी किलोंचे आहेत आणि स्वभावाने सहकार्य करणारे नाहीत, त्यामुळे पेशंट अगदी खरा वाटत होता.

मी आधी म्हटलं, हात नाही तर पायाने ताल धर. तिने पाय आपटला आणि ह्यांच्यासकट दिवाणावर बसली. मग मी म्हटलं, मानेने धर. मान हलवताना तिचं लक्ष पेशंटवरून उडालं आणि ह्यांचं डोकं भिंतीला लागलं. दुपारच्या अजानपर्यंत असं चाललं. हे म्हणाले की मला आता खरोखरच नर्स लागेल. सुरेखाच्या डोळ्यांत पाणी भरायला लागलं होतं आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काही येत नव्हतं.

मग जेवणं झाली आणि ती म्हणाली, एकदा न बोलता नुसतं उचलते, हात तरी बसू दे. तिने ह्यांना उचललं, आपल्या वॉर्डात रोज उचलते तसं. मी बघत होते. जोर लावायच्या क्षणी तिच्या तोंडून आपोआप हुं असा आवाज निघाला, आणि ह्यांचं वजन खुर्चीत टेकलं तेव्हा तो आवाज हलका होत संपला. मी उठून उभी राहिले. मोठा जोर, मग कमी जोर, मग सोडून देणं. आख्खा शब्द त्यातच होता. मी तिला म्हटलं, आता तो हुं काढायचा आणि त्या जागी शब्दाचा पहिला तुकडा ठेवायचा. जोर आणि शब्द एकदमच. वजन टेकलं की दुसरा तुकडा.

पहिल्या वेळेला ती अडखळली. दुसऱ्या वेळेला रुल्ले तिच्या पोटातून आलं आणि स्तूल खुर्चीत बसलं. दिवाणावरून ह्यांना किती वेळा उठवलं त्याची मोजदाद नाही. आर्मलेने झालं, सेंगेकांत झालं. संध्याकाळी ती घाम पुसत म्हणाली, "मॅडम, हे तुमचं नाही बरं का. हे आमच्या वॉर्डातलंच आहे."

खरंच होतं ते. अकरा वर्षं माणसं उचलताना तिच्या अंगात तो ताल होता आणि मी तिला वरून भजनातला आणून दिला होता. ऐकून मला बोचलं, नाही असं नाही. पण त्याहून बरं जास्त वाटलं. त्या दिवसानंतर मी वर्गात मांडीवर ताल धरणं बंद केलं. जिला शिकायचं तिने पेशंट उचलायचा, चादर बदलायची, टॉवेल पिळायचा आणि ते करता करता बोलायचं. जुन्या मुलींना फोन करून विचारलं, तेव्हा कळलं की बहुतेकींनी तिकडे गेल्यावर असाच काहीतरी मार्ग स्वतः काढला होता आणि मला वाईट वाटेल म्हणून सांगितला नव्हता. माझ्या मुली माझ्यापेक्षा शहाण्या निघाल्या, हे मी आता अभिमानाने सांगते.

शनिवारी आठ वाजता हिल्डेने मलाही आत बोलावलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. यावेळी पेशंट म्हणून ती स्वतः पलंगावर झोपली. सुरेखाने ब्रेक तपासला, खुर्चीची पाय ठेवायची पट्टी वर केली, तिच्या पाठीमागे हात घातला. मी पदर मुठीत धरून बसले होते. सेंगेकांत म्हणत तिला कडेला आणलं, स्वच्छ. उभं केलं. आणि मध्येच, खुर्ची दीड हात लांब असताना, हिल्डेने अंग सोडून दिलं. मुद्दाम. उंच बाई, सगळं वजन सुरेखाच्या अंगावर. सुरेखाने गुडघे वाकवून तिला पेललं आणि म्हणाली, आर्मलेने, डावीकडे, धरा. ओरडली नाही. हिल्डेचा हात सरळ खुर्चीच्या हातावर गेला. वजन टेकलं.

हिल्डे खुर्चीत बसून राहिली. तिने सुरेखाला विचारलं की आता बोललीस ते ठरवून बोललीस का. सुरेखाला प्रश्नच कळेना. ती म्हणाली, तुम्ही पडत होता. मग हिल्डे उठली, माझ्याकडे न बघता तिने सुरेखाशी हात मिळवला आणि विचारलं, किती दिवसांत येऊ शकशील, आणि मुलीचा पासपोर्ट आहे का. पासपोर्ट होता. तीन वर्षांपूर्वी काढून ठेवला होता, तिला कुवेतला आणायच्या एका अर्जासाठी.

बाहेर आल्यावर मला तिला मिठी मारायची होती, पण ती आधीच फोन लावत होती. कॉरिडॉरच्या काचेतून समुद्र दिसत होता आणि ती त्याच्याकडे पाठ करून भिंतीला टेकून उभी होती. लातूरला तिच्या आईने फोन उचलला. मला वाटलं, आता ही सांगेल की निवड झाली, नोकरी मिळाली. तसलं काही तिने सांगितलं नाही. ती म्हणाली, सोमवारी श्रावणीच्या शाळेत जाऊन ये, तिचा दाखला मागायचाय. पलीकडून आईने काहीतरी विचारलं, बहुधा पोरीसाठी किती दिवसांची सुट्टी घ्यायची. सुरेखाने ओढणीने डोळे पुसले. तिला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

"सुट्टी नाही गं आई," ती म्हणाली. "शाळा सोडल्याचा दाखला."